कुणाचा वार कोणता: वेगवेगळ्या धर्मांचे उपासनेचे दिवस नवख्याने कसे सांभाळायचे

शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार ज्यूंचा, रविवार ख्रिश्चनांचा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. आणि एवढ्याच भांडवलावर लोक मिटिंगा ठरवतात, परीक्षांच्या तारखा लावतात, जेवायला बोलावतात, मग ऐनवेळी कुणीतरी म्हणतं मला नाही जमणार आणि सगळ्यांचा विरस होतो. ही यादी चुकीची नाहीये पण अर्धवट आहे, तिच्यात वेळ नाही, कधी लागतं कधी संपतं ते नाही, आणि कितीतरी धर्मांना असा ठरलेला वारच नसतो हे तर कुणाच्या गावीही नसतं.

हा लेख अशांसाठी आहे जे पहिल्यांदाच वेगवेगळ्या धर्माच्या लोकांबरोबर काम करतायत किंवा राहतायत, किंवा ज्यांना नुसत्या उत्सुकतेपोटी एखाद्या मशिदीत, सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), चर्चमध्ये जाऊन बसायचंय पण कधी जावं आणि गेल्यावर काय करावं ते कळत नाही. कुणाची श्रद्धा बरोबर नि कुणाची चूक यात मी पडणार नाहीये, ते ज्याचं त्याने बघावं.

पायरी १: वार विचारायच्या आधी तीन गोष्टी बघा

दिवस लागतो कधी, त्या दिवशी काम बंद ठेवायचं असतं की प्रार्थनेपुरतं उठून जायचं असतं, आणि जाणं नक्की कुणावर बंधनकारक आहे. ही तीन उत्तरं हातात आली की निम्मं काम झालं असं समजा.

शुक्रवार आणि शनिवारच घ्या ना, शेजारी शेजारी आहेत पण स्वभाव एकदम वेगळा. इस्लाममध्ये शुक्रवार हा एकत्र येऊन नमाज पढायचा वार, विश्रांतीचा नाही. कुराणातल्या ६२व्या सूरेचं (अध्यायाचं) नावच अल-जुमुआ, म्हणजे शुक्रवार, तिच्या नवव्या आयतीत सांगितलंय की जुम्म्याच्या नमाजेची हाक आली की खरेदी-विक्री सोडून या, आणि लगेच दहाव्या आयतीत सांगितलंय की नमाज झाली की पांगा आणि रोजीरोटीच्या मागे लागा. म्हणजे दुकान सकाळी उघडं, दुपारी बंद, नंतर परत उघडं, सगळं रीतसर. ज्यूंच्या शनिवारी नेमकं उलटं, तिथे हातातलं काम थांबवणं हाच मुख्य भाग, सिनेगॉगला न जाता घरी बसूनही शब्बाथ (त्यांचा विश्रांतीचा दिवस) पाळता येतो पण दुकान उघडं ठेवून पाळता येत नाही. ख्रिश्चनांचा रविवार या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, आणि कुठे ते पंथापंथावर आहे.

पायरी २: सूर्यास्ताचा हिशोब शिकून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात म्हणून थोडं थांबून सांगतो. मध्यरात्री बाराला तारीख बदलते हे झालं घड्याळाचं. ज्यू आणि मुस्लिम परंपरेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, बहाई धर्माच्या लोकांचाही तसाच, आणि आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसायच्या सुमारास सुटतो, साधारण २५ तास. "शनिवारी सुट्टी दिलीये ना, मग शुक्रवारी रात्री टीम डिनर ठेवू" असं म्हणणाऱ्याने बरोब्बर शब्बाथच गाठलेला असतो. दर्ग्यांवर गुरुवारी संध्याकाळी जी गर्दी आणि कव्वाली असते तीही यामुळेच, गुरुवारचा सूर्य मावळला की जुम्म्याची रात्र लागली.

दुसरी भानगड ऋतूंची. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका सूर्यास्त मागेपुढे पळतो. लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी चारच्या आधीच अंधार पडतो आणि जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. म्हणजे तिथला शब्बाथ पाळणारा सहकारी हिवाळ्यात शुक्रवारी दोन-अडीचलाच बॅग उचलून निघणार आणि उन्हाळ्यात पूर्ण दिवस काम करून आरामात घरी पोचणार. काही मॅनेजर याला "हिवाळ्यात बरं लवकर पळायला मिळतं" म्हणतात, त्यांना सूर्यास्ताचा तक्ता दाखवावा, बाकी बोलू नये. तर पहिलं काम, मोबाईलमध्ये आपल्या शहराची सूर्यास्ताची वेळ दिसेल असं काहीतरी टाकून ठेवा आणि शुक्रवारचं काहीही ठरवताना ते आधी बघा.

पायरी ३: शुक्रवार दुपार

जुम्म्याची नमाज दुपारी सूर्य माथ्यावरून ढळल्यावर होते, रोजच्या जोहरच्या नमाजेच्या जागी. जोहरला चार रकात (नमाजेच्या फेऱ्या) फर्ज म्हणजे बंधनकारक असतात, जुम्म्याला जमातीबरोबर, म्हणजे सगळ्यांनी एकत्र, दोन, आणि त्याआधी इमामाचा खुतबा म्हणजे प्रवचन. सज्ञान पुरुषांवर ही बंधनकारक आहे, आजारी माणूस आणि प्रवासी यांना सूट आहे, बायकांवर बंधन नाही पण जाऊ शकतात, अर्थात तशी सोय प्रत्येक मशिदीत असतेच असं नाही. आणि घरी एकट्याने पढून ती जुम्म्याची होत नाही, जमात लागते, म्हणून तुमचा मित्र "इथेच कोपऱ्यात उरकून घेतो" असं शुक्रवारी म्हणत नाही, तो मशिदीतच जाणार.

बघायला जायचं असेल तर असं होतं बघा. लोक आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, अत्तर लावून येतात, दारात चपला काढतात, वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, आत येतात आणि स्वतःची नमाज पढून गुडघे मोडून रांगेत बसतात. बऱ्याच ठिकाणी खुतब्याच्या आधी स्थानिक भाषेत बयान चालू असतं, मग अजान होते, इमाम मिंबरवर (प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर) उभा राहून अरबीत खुतबा सुरू करतो, मधेच क्षणभर खाली बसतो आणि परत उठून दुसरा भाग बोलतो. तो जो मधला बसण्याचा क्षण आहे ना, नवख्याला वाटतं संपलं आणि तो चुळबुळ करायला लागतो. संपलेलं नसतं. खुतबा चालू असताना बोलायचं नाही, इतकं की शेजाऱ्याला "गप्प बस" म्हणणंसुद्धा हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) वायफळ बोलणं धरलंय. फोन खिशातच राहू द्या. खुतबा संपला की सगळे एकदम उठतात, खांद्याला खांदा लावून रांगा सरळ करतात, आणि दोन रकात काही मिनिटांत होतात.

पाहुण्याने मागे किंवा कडेला बसावं, पुढे जायला लोकांच्या खांद्यांवरून ओलांडून जाऊ नये आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून आडवं जाऊ नये. अंग झाकणारे सैल कपडे, बायकांनी डोक्यावर ओढणी, मोजे स्वच्छ (हे मी मुद्दाम सांगतोय). खुतबा आणि नमाज मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण जाऊन-येऊन, वजू, पार्किंग धरून दीड तास मोकळा ठेवावा. जिथे मशीद छोटी आणि गर्दी मोठी तिथे एकापाठोपाठ दोन जमाती करतात, मग ऑफिसवाल्यांना दुसरी सोयीची पडते. आणि ज्या देशांत घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे करतात तिथे नमाजेची वेळही घड्याळात एक तास सरकते, कॅलेंडरमधला जुना ब्लॉक मग उपयोगाचा राहत नाही.

पायरी ४: शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र

शब्बाथबद्दल नुसती "सुट्टी असते" एवढी माहिती पुरत नाही. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार दिलेत, पेरणं, कापणं, दळणं, शिवणं, लिहिणं, पुसणं, आग पेटवणं, विझवणं अशी मूळ कामं, आणि आजच्या सगळ्या गोष्टी त्यांच्यावरून ठरवतात. म्हणून परंपरा कडक पाळणारा ज्यू माणूस त्या दिवशी गाडी चालवत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही, पैशाला हात लावत नाही, फोन उचलत नाही. दिवे आधीच टायमरवर लावलेले असतात, आणि काही इमारतींमध्ये शब्बाथसाठीची लिफ्ट असते जी आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. पण जिवावरचा प्रसंग आला तर हे सगळे नियम बाजूला, डॉक्टरला फोन करणं, गाडी काढणं हे तेव्हा करायलाच हवं असं शास्त्रच सांगतं.

आता सगळे ज्यू इतके कडक असतात का, तर नाही. रिफॉर्म पंथाची माणसं गाडीने सिनेगॉगला जातात, अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९५० साली सिनेगॉगला जाण्यापुरती गाडी चालवायला परवानगी दिली, आणि कितीतरी घरी शुक्रवारी मेणबत्त्या आणि एकत्र जेवण एवढंच असतं. तेव्हा समोरच्याला विचारा, आपणहून समजून घेऊन बसू नका.

शुक्रवारच्या जेवणाला बोलावणं आलं तर सूर्यास्ताच्या आधी पोचा. मेणबत्त्या साधारण सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात आणि एकदा लागल्या की घर शब्बाथमध्ये गेलं. भेटवस्तू न्यायची तर तीही आधीच हातात द्या, अंधार पडल्यावर रस्त्यावरून वस्तू वाहून नेणं हाही त्या ३९ मधलाच एक प्रकार आहे. खायचं काही नेऊ नका, कोशरचे (ज्यूंच्या खाण्यापिण्याचे) नियम आपल्याला कळत नाहीत आणि यजमानाची उगाच पंचाईत होते. टेबलावर झाकून ठेवलेले दोन पाव असतात, द्राक्षारसाच्या पेल्यावर किद्दूश ही प्रार्थना म्हणतात, मग हात धुणं, आणि हात धुतल्यापासून पाव तोडेपर्यंत कुणी बोलत नाही, तेव्हा त्या शांततेत "काय झालं?" असं विचारू नका. फोटो नाही, फोन टेबलावर नाही, आणि पाहुण्याने सवयीने बाथरूमचा दिवा बंद करू नये कारण मग तो रात्रभर बंदच राहील.

सिनेगॉगमधली मुख्य प्रार्थना शनिवारी सकाळी, तोराचं (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचं) त्या आठवड्याचं प्रकरण वाचलं जातं, ५४ भागांत वर्षभरात सगळी तोरा संपते. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही थोडी वाचतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुरुषांनी डोकं झाकायचं, दारातच टोप्या ठेवलेल्या असतात. सनातनी सिनेगॉगमध्ये बायका-पुरुष वेगळे बसतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट, युरोप-अमेरिकेत सुरक्षेमुळे बऱ्याच सिनेगॉगना आधी कळवून, ओळखपत्र दाखवूनच आत सोडतात, थेट जाऊन उभं राहिलात तर परत यावं लागेल.

शक्य असेल तर शनिवारी रात्रीचं हवदाला बघाच. दहा मिनिटांचा विधी, पण मला सगळ्यात आवडतो तो हाच. अनेक वातींची वेणी घातलेली मेणबत्ती पेटवतात, द्राक्षारसाचा पेला काठोकाठ भरतात, मसाल्याची डबी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण वास घेतो, मग सगळे बोटं वाकवून ज्योतीसमोर धरतात, नखांवर उजेड आणि तळव्यावर सावली पडलेली बघतात. शेवटी मेणबत्ती त्या द्राक्षारसात विझवतात, फस्स करून, आणि पुढच्या मिनिटाला कुणीतरी फोन चार्जिंगला लावतं. शब्बाथला भेटताना "शब्बात शालोम" म्हणायचं, हवदाला झाल्यावर "शावुआ तोव", म्हणजे पुढचा आठवडा चांगला जावो.

पायरी ५: रविवार, आणि शनिवारवाले ख्रिश्चन

येशूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं म्हणून रविवार. सुरुवातीची कित्येक वर्षं हा फक्त जमण्याचा वार होता, सुट्टी नव्हती, लोक पहाटे किंवा कामानंतर जमायचे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ७ मार्च ३२१ ला हुकूम काढला की न्यायाधीश, शहरातली माणसं आणि कारागीर यांनी रविवारी काम थांबवावं, शेतकऱ्यांना मात्र सूट, कारण पेरणीचा वाफसा काही वार बघून येत नाही. रविवारच्या सुट्टीची सरकारी गोष्ट तिथून सुरू होते.

कॅथलिकांना रविवारची मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) बंधनकारक आहे, पण शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरतात, म्हणून रविवारी सकाळी ड्युटी असलेला माणूस शनिवारी संध्याकाळी जाऊन मोकळा होऊ शकतो, शिफ्ट लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मिस्सा साधारण तासाभराची. लोक उठतात, बसतात, गुडघे टेकतात, तुम्ही उठबस त्यांच्याबरोबर करा, गुडघे नाही टेकले तरी कुणी काही म्हणत नाही. ख्रिस्तप्रसाद घ्यायची रांग लागते तेव्हा पाहुण्याने जागेवर बसून राहावं. सगळे चाललेत म्हणून आपणही उठून हात पुढे करायचा नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा सगळ्यात आतला भाग आहे आणि मंदिरातल्या प्रसादासारखा येईल त्याला वाटत नाहीत. दानाची थैली फिरली तर टाकावंसं वाटलं तर टाका, नाहीतर नुसती पुढे सरकवा.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेळ जास्त काढून जा, दीड-दोन तास सहज, आणि बरेचसे लोक पूर्ण वेळ उभे असतात, पायात बरी चप्पल असू द्या. शेवटी आशीर्वाद दिलेल्या पावाचे तुकडे देतात, ते पाहुण्यालाही पुष्कळ ठिकाणी देतात, तो ख्रिस्तप्रसाद नव्हे. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये गाणी आणि प्रवचन यांचा भाग मोठा, मुलांची संडे स्कूल वेगळी भरते, आणि बऱ्याच मंडळ्या बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभाही घेतात. क्वेकर पंथाच्या ख्रिश्चनांकडे गेलात तर अक्षरशः शांतता, सगळे गप्प बसलेले, ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि बसतो, बस.

आता शनिवारवाले. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट, ज्यांची संघटना १८६३ मध्ये उभी राहिली, ते सातवा दिवस म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ मानतात, त्यांचं चर्च शनिवारी सकाळी. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत शनिवार आणि रविवार दोन्हींना मान आहे. तेव्हा "तू ख्रिश्चन ना, मग शनिवारची परीक्षा तुला चालेल" असं गृहीत धरू नका, ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थ्याला ती अजिबात चालणार नसते.

पायरी ६: ज्यांचा एक वार नाही त्यांना वार विचारत बसू नका

हिंदूंचं तुम्हाला वेगळं काय सांगायचं, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा नि शनीचा, पण यातला कुठलाच वार सगळ्यांवर बंधनकारक नाही आणि प्रदेश बदलला की देवही बदलतो, मंगळवारी कुणी गणपतीला जातं, उत्तरेत हनुमानाला, तमिळ लोक मुरुगनला. एकाच घरात एकीचे सोमवार असतात तर दुसऱ्याने शनिवार धरलेला असतो. शिवाय एकादशी, चतुर्थी, प्रदोष हे तिथीवर चालतात, ते दर वेळी वेगळ्या वारी येतात, म्हणून कॅलेंडरमध्ये "दर मंगळवारी" असं रिपीट लावून ते सापडणार नाहीत, पंचांगच लागेल. नुसतं देऊळ बघायचं असेल तर त्या देवाचा वार सोडून जा, निवांत दर्शन होतं.

शिखांना साप्ताहिक वार नाही, गुरुद्वारा रोज उघडा, कीर्तन रोज, लंगर रोज. गुरू ग्रंथ साहिबमध्ये वारांवर रचलेली बाणी (पदं) आहे खरी, पण त्यातच गुरू अमरदासांनी तिथी-वारांच्या नादी लागणाऱ्यांना मूर्ख म्हटलंय. परदेशात रविवारी मोठा दिवाण (सभा) भरतो तो सुट्टी असते म्हणून. सौर महिन्याचा पहिला दिवस, संक्रांद, त्या दिवशी मात्र गर्दी असते. डोकं झाका, चपला काढा, तंबाखू-सिगारेट खिशातही नको, आणि लंगरमध्ये जमिनीवर सगळ्यांबरोबर बसा.

बौद्धांचा उपोसथ म्हणजे व्रताचा दिवस चंद्रावर चालतो, अमावस्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्या, म्हणजे सात-आठ दिवसांनी एक. महावग्ग या पाली ग्रंथात गोष्ट आहे की इतर पंथांचे परिव्राजक ठरलेल्या तिथींना जमून धर्म सांगतात हे बघून राजा बिंबिसाराने बुद्धांना सुचवलं की आपल्या भिक्खूंनीही जमावं, आणि बुद्धांनी ते मान्य केलं. त्या दिवशी उपासक अष्टशील म्हणजे आठ नियम घेतात, पांढरे कपडे घालतात, दुपारनंतर जेवत नाहीत, तेव्हा अशा मित्राला त्या रात्री जेवायला बोलावू नका. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, पोया म्हणतात, सरकारी सुट्टी असते, आणि १९६६ ते १९७१ या काळात तर तिथे रविवारच्या ऐवजी चारही पोया दिवस ही साप्ताहिक सुट्टी होती, परदेशाशी व्यापार करणाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल विचार करा. म्यानमारमध्ये वार वेगळ्याच कामाला येतो, तुमचा जन्मवार. यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोडाभोवती आठ वारांची आठ स्थानं आहेत, बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग केलेत म्हणून आठ, सकाळवाल्यांचा सुळेवाला हत्ती आणि दुपारवाल्यांचा बिनसुळ्यांचा, आणि लोक आपापल्या कोपऱ्यात बुद्धमूर्तीवर पाणी घालतात. जायच्या आधी आपला जन्म कुठल्या वारी झाला ते बघून ठेवा.

जैनांचं अष्टमी-चतुर्दशीवर, त्या तिथींना उपवास किंवा हिरव्या भाज्या वर्ज्य. पारशी कॅलेंडरमध्ये महिन्याच्या तिसही दिवसांना स्वतंत्र नावं आहेत, अग्यारीत (अग्निमंदिरात) आदर आणि बेहराम नावाच्या रोजला, म्हणजे दिवशी, जास्त लोक येतात, पण भारतातल्या अग्यारींमध्ये पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, बाहेरूनच नमस्कार. बहाईंचा विश्रांतीचा वार शुक्रवार आहे, पण एकत्र जमणं दर १९ दिवसांनी, त्यांचे महिनेच १९ दिवसांचे, वर्षात १९ महिने आणि वरचे चार-पाच दिवस वेगळे. इराककडचे यझिदी बुधवार पवित्र मानतात. लेबनॉन-सीरियाकडचे द्रूझ धर्माचे लोक गुरुवारी संध्याकाळी जमतात, तिथे बाहेरच्यांना बोलावत नाहीत, विचारूही नका.

पायरी ७: देश बदलला की परत तपासा

धर्माचा वार आणि देशाची सुट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रवासात हे फार जाणवतं. सौदीत पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती, २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार घेतला आणि शुक्रवारी सरकारी कामाचा अर्धा दिवस ठेवला. इस्रायलमध्ये शुक्रवार दुपारनंतर बहुतेक शहरांत बस थांबतात, विमानतळावरून कसं जायचं ते आधी ठरवा. आणि सुट्टीप्रमाणे प्रार्थनाही सरकतात. आखातात कित्येक चर्चमध्ये मोठी गर्दी शुक्रवारी व्हायची कारण कामगारांना तेव्हाच मोकळीक, नेपाळमध्ये चर्च शनिवारी भरतात कारण तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवार.

वार कुणी ठरवला असाही प्रश्न कधीकधी उभा राहतो. सामोआने २०११ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ उजाडला, एक अख्खा शुक्रवार गायब. मग तिथल्या ॲडव्हेंटिस्ट लोकांत वाद, की खरा सातवा दिवस आता कुठला धरायचा. १९४१ साली जपानमधल्या कोबेला आलेल्या ज्यू निर्वासितांपुढेही हाच पेच होता, शब्बाथ नक्की कुठल्या दिवशी, आणि धर्मपंडितांची उत्तरं एकसारखी आली नाहीत. सरकारांनी तर आठवडाच मोडून बघितलाय, फ्रान्सच्या क्रांतीवाल्यांनी दहा दिवसांचा केला, सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा, कामगारांचे गट पाडून प्रत्येकाला वेगळी सुट्टी, घरातल्या चौघांना चार वेगळे दिवस. १९४० मध्ये सात दिवसांवर परत आले.

पायरी ८: मिश्र गटाचं वेळापत्रक लावताना

शुक्रवारी साडेबारा ते अडीच काही लावू नका. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मोकळी सोडा, निदान ज्यात हजेरी सक्तीची आहे ते तरी नको. रविवारी सकाळी नको, दुपारी तीननंतर बहुतेकांना चालतं. सोमवार ते गुरुवार दिवसा हा सगळ्यात सुरक्षित पट्टा, परीक्षा आणि मुलाखती तिथेच लावा. शिफ्ट असतील तर अदलाबदल करू द्या, शनिवार पाळणारा रविवारी येतो आणि रविवारवाला शनिवारी, दोघंही खूश आणि तुमचं काम बिनबोभाट.

विचारताना "तू धार्मिक आहेस का रे" असं विचारू नका, माणूस अवघडतो. "आठवड्यात तुला नेहमी मोकळी हवी अशी एखादी वेळ आहे का" असं सगळ्यांना एकच विचारा, ज्याला मुलाला क्लासला सोडायचंय तोही सांगेल आणि ज्याला जुम्म्याला जायचंय तोही.

पायरी ९: जायच्या आधीचा मेसेज

कुठेही पहिल्यांदा जाताना आधी विचारलेलं बरं, आणि मेसेज छोटा ठेवा. साधारण असा: "नमस्कार, मी तुमच्या धर्माचा नाही, पण येत्या आठवड्यातली प्रार्थना एकदा बघायची इच्छा आहे. पाहुण्यांना परवानगी आहे का? किती वाजता यावं, कपड्यांचं काही पथ्य आहे का आणि आल्यावर कुणाला भेटावं?" एवढं पुरतं, स्वतःचा अभ्यास, हेतू वगैरे चार परिच्छेद लिहायची गरज नाही. गटाने जाणार असाल तर किती जण ते लिहा, पाच-सहा अनोळखी माणसं एकदम आली तर छोट्या ठिकाणी जागेचीच अडचण होते.

मेसेज कधी पाठवताय तेही बघा. सिनेगॉगला शुक्रवारी दुपारनंतर पाठवलात तर शनिवारी रात्रीपर्यंत उत्तर येणार नाही, तोवर प्रार्थना होऊन गेलेली असेल, बुधवारपर्यंत पाठवा. मशिदीला शुक्रवारी सकाळी फोन करू नका, त्यांची तीच सगळ्यात धावपळीची वेळ, आदल्या दिवशी करा. चर्चचं ऑफिस बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद असतं, रविवारची दमछाक झाल्यावर पाद्रीबाबा त्या दिवशी सुट्टी घेतात, मंगळवारी करून बघा.